चयापचयी जनुकांचे क्रिस्पर संग्रह

मानवी पेशीतील चयापचयाशी संबंधित जनुके एकाच प्रयोगात निकामी करून तपासण्यासाठी बनवलेले मार्गदर्शक आरएनएंचे मिश्रण. संपूर्ण जनुकसंचावरील अशा चाचण्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यानंतर अमेरिकेतील व्हाइटहेड संस्थेत विकरे व वाहक प्रथिने यांच्या सुमारे ३,००० जनुकांसाठी सुमारे ३०,००० मार्गदर्शकांचा संग्रह तयार झाला.

हे मार्गदर्शक लेन्टिव्हायरसमार्फत पेशींत सोडतात. विषाणूचे प्रमाण मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे एका पेशीत बहुधा एकच मार्गदर्शक शिरतो. कॅस-९ विकर त्याने दाखवलेल्या जागी डीएनए कापते. पेशी काही काळ वाढू दिल्यावर क्रमनिर्धारणाने मार्गदर्शकांची मोजणी होते. ज्यांचे प्रमाण घटले, त्यांचे जनुक त्या परिस्थितीत पेशीला आवश्यक ठरते.

२०१५ मध्ये याच संस्थेतील संशोधक बिरसॉय, सबातिनी व सहकाऱ्यांनी फेनफॉर्मिन या तंतुकणिकांची श्वसनसाखळी रोखणाऱ्या, पूर्वी मधुमेहावर दिल्या जाणाऱ्या औषधाच्या सान्निध्यात ही चाचणी केली. त्यात अ‍ॅस्पार्टेट बनवू शकणाऱ्या विकराचे जीओटी१ हे जनुक गमावलेल्या पेशी विशेष दुबळ्या ठरल्या. श्वसनसाखळी वाढत्या पेशीला केवळ ऊर्जाच पुरवत नाही, तर अ‍ॅस्पार्टेट हे अमिनो अम्ल बनवणेही शक्य करते, हा त्यातून निघालेला निष्कर्ष फार मोलाचा आहे.

एक मर्यादा मात्र चयापचयाच्या अभ्यासात विशेष जाचक आहे. मिश्रणातील पेशींचे पोषकद्रव सामायिक असते. त्यामुळे एखाद्या पेशीला जो पदार्थ बनवता येत नाही तो शेजारच्या पेशींकडून किंवा द्रवातूनच मिळू शकतो, आणि जनुकाचे महत्त्व झाकले जाते. म्हणून पोषकद्रवाची निवड येथे निर्णायक असते.