मांजरं नाचत नव्हती

माझ्या फोनमध्ये आमच्या मांजरीचा अकरा सेकंदांचा एक व्हिडिओ आहे. तिची मान एका बाजूला कललेली आहे. चालता चालता ती गोल फिरते, सोफ्याच्या पायाला धडकते आणि मटकन खाली बसते. मागून माझं हसणं ऐकू येतं. "बाईसाहेब, किती चढलीये!" असंही मी म्हणतोय. व्हिडिओ स्टेटसला टाकला, पन्नासेक जणांनी हसऱ्या इमोजी पाठवल्या. तिसऱ्या दिवशी तिनं खाणं सोडलं, तेव्हा प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेली. कानाच्या आतल्या भागात संसर्ग झाला होता आणि तोल सांभाळणारी व्यवस्थाच बिघडली होती. औषधांनी ती बरी झाली. मान अजून किंचित कलते.

त्यानंतर काही महिन्यांनी मिनामाताबद्दल वाचताना जुन्या कृष्णधवल चित्रफितीचा एक तुकडा समोर आला. त्यातलं मांजर मागचे पाय ओढत चालतं, थरथरतं, एकाएकी स्वतःभोवती गरगर फिरतं आणि आडवं होऊन झटके देऊ लागतं. चित्रफितीला आवाज नाही. खाली दोन ओळी लिहिलेल्या नसत्या, तर मी पुन्हा हसलो असतो का, याचं उत्तर मला अजून नक्की देता येत नाही. त्या अस्वस्थतेतूनच हे लिहायला घेतलं.

मिनामाता हे जपानच्या क्युशू बेटावरचं, कुमामोतो प्रांतातलं छोटं शहर. समोर शिरानुई समुद्र. तो चारी बाजूंनी बेटांनी आणि किनाऱ्यांनी वेढलेला, त्यामुळे शांत आणि मासळीनं भरलेला. शहरात चिस्सो कंपनीचा प्रचंड रासायनिक कारखाना होता आणि शहराची बरीचशी रोजीरोटी त्यावर चालायची. किनाऱ्यावरच्या वाड्यांमध्ये मात्र मासेमारी करणारी कुटुंबं राहत. त्यांच्याकडे घरोघरी मांजरं असायची, कारण मांजर नसेल तर उंदीर जाळी कुरतडणार. मांजरांना वेगळं काही घालायची गरज नसे. माणसांच्या ताटातली मासळी आणि धक्क्यावर सांडलेली मासळी, एवढ्यात त्यांचं भागायचं.

१ ऑगस्ट १९५४ रोजी 'कुमामोतो निचिनिची शिम्बुन' या तिथल्या दैनिकात एक छोटी बातमी आली. मोदो नावाच्या वाडीतली शंभरावर मांजरं वेडी होऊन मेली होती आणि वाडीत जवळपास एकही उरलं नव्हतं. लोकांनी दुसरीकडून मांजरं मागून आणली, तर तीही तशीच गरगर फिरून मेली. उंदरांचा सुळसुळाट झाला, म्हणून वाडीतून नगरपालिकेकडे अर्ज गेला. अर्ज उंदीर मारण्यासाठी होता.

ही बातमी वाचून मी बराच वेळ थांबलो. पुढे जगभर गाजलेल्या विषबाधेची ही अगदी सुरुवातीची छापील नोंद आहे आणि त्यात तक्रार उंदरांची आहे! त्या लोकांना दोष देण्यात मात्र अर्थ नाही. जाळी वाचली नाहीत तर खायचं काय, हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न होता. आणि आणलेलं नवं मांजरही मरतं, हे त्यांनी स्वतःच तपासून पाहिलं होतं. आजार मांजरांनी कुठून आणलेला नसून तो इथेच आहे, असं त्या छोट्या बातमीत जवळपास लिहिलेलं होतं. ते तसं वाचणारं कुणी नव्हतं.

लोकांनी या आजाराला नावही दिलं होतं : 'नेको ओदोरी ब्यो', म्हणजे मांजर-नाचाचा रोग. मांजरं उड्या मारत, भिंतींवर आपटत, कधी थेट समुद्रात पडून बुडत. मांजरं आत्महत्या करतात, असंही लोक म्हणू लागले. मासे पोट वर करून तरंगताना दिसत आणि उडते कावळे खाली पडत.

मांजरं नाचत नव्हती, जीवही देत नव्हती. चिस्सोच्या कारखान्यात १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनत होतं. त्या प्रक्रियेत पाऱ्याचं संयुग वापरलं जाई आणि त्यातूनच थोडं मिथाइल मर्क्युरी तयार होई. ते सांडपाण्याबरोबर खाडीत जाई. तिथून सूक्ष्म जीवांत, त्यांना खाणाऱ्या लहान माशांत, मग मोठ्या माशांत, प्रत्येक पायरीवर ते अधिकाधिक साठत जाई. शरीरात शिरल्यावर ते एका अमिनो आम्लाला चिकटतं. हे जोडपं मेंदूला हव्या असलेल्या दुसऱ्या एका अमिनो आम्लासारखं दिसतं, त्यामुळे एरवी कडक असलेला मेंदूचा पहारा त्याला ओळखीचं समजून आत सोडतो. आत गेल्यावर ते मुख्यतः लहान मेंदूतल्या पेशी मारतं. तोल आणि हालचालींतला मेळ सांभाळण्याचं काम त्या पेशींचं. दृष्टीचं काम पाहणारा भागही सुटत नाही. कडेचं दिसेनासं होतं आणि नळीतून पाहिल्यासारखी नजर उरते. भिंतीवर आपटणाऱ्या मांजराला भिंत दिसतच नसावी.

माणसांमध्येही तेच चाललं होतं, फक्त सावकाश. हातातून चॉपस्टिक्स निसटायच्या. बटण लागायचं नाही. सपाट रस्त्यावर पाय अडखळायचे. जीभ जड व्हायची. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या. धडधाकट कोळी धक्क्यावरून झोकांड्या खात जाताना दिसला की तो प्यायलाय, असंच बघणाऱ्याला वाटणार. डॉक्टरांनीही सुरुवातीच्या रुग्णांना दारूचं व्यसन, जपानी मेंदूज्वर, उपदंश अशी वेगवेगळी नावं चिकटवली होती. एकेकटा रुग्ण पाहिला तर यातलं प्रत्येक निदान पटण्यासारखं होतं.

२१ एप्रिल १९५६ रोजी पाच वर्षांच्या एका मुलीला चिस्सोच्याच रुग्णालयात आणलं. तिला चालता येत नव्हतं, नीट बोलता येत नव्हतं, झटके येत होते. दोन दिवसांनी तिच्या धाकट्या बहिणीला तीच लक्षणं दिसली. आईनं सांगितलं, शेजारच्या मुलीलाही असंच होतंय. रुग्णालयाचे प्रमुख होसोकावा हाजिमे यांनी १ मे रोजी सरकारी आरोग्य केंद्राला कळवलं की मज्जासंस्थेच्या अज्ञात आजाराची साथ आली आहे. मिनामाता रोगाचा अधिकृत जन्मदिवस तो हाच.

'साथ' या शब्दानं पुढे फार छळलं. संसर्गाच्या भीतीनं रुग्णांना वेगळं ठेवलं, घरांवर जंतुनाशक फवारलं. शेजाऱ्यांनी जाणं-येणं बंद केलं. ऑक्टोबरपर्यंत ४० रुग्ण सापडले होते आणि त्यांतले १४ मरण पावले होते. तपास करणाऱ्यांना घरोघर फिरताना आणखी एक गोष्ट कळली : रुग्णांच्या घरची मांजरंही तशीच मेली होती. लोक म्हणत होते ते आता वहीत नोंदवलं गेलं. नोव्हेंबरमध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या गटानं प्राथमिक अंदाज मांडला, की ही साथ नसून खाडीतल्या मासळीतून झालेली जड धातूची विषबाधा असावी.

मग १९५७ मध्ये आरोग्य केंद्राचे प्रमुख इतो हासुओ यांनी अगदी साधा प्रयोग केला. बाहेरून निरोगी मांजरं आणून त्यांना मिनामाता खाडीतली मासळी घातली. आठ-दहा दिवसांतच त्यांच्यात तीच लक्षणं दिसू लागली. मोदोच्या लोकांनी तीन वर्षांपूर्वी नकळत हेच केलं होतं.

माझ्या मते खरं तर इथेच मासेमारी थांबवून कारखान्याचं सांडपाणी रोखायला हवं होतं. कोणता धातू, ते नंतर शोधता आलं असतं. विहिरीचं पाणी पिऊन लोक मरत असतील तर आधी विहीर बंद करतात, पाण्याचा अभ्यास मागाहून होतो. पण सरकारनं सगळीच मासळी विषारी असल्याचा पुरावा नाही म्हणून मासेविक्रीवर बंदी घालायचं नाकारलं. विद्यापीठात मँगनीज, सेलेनियम, थॅलियम अशी एकेक शक्यता तपासली जात राहिली. १९५८ मध्ये डग्लस मॅकआल्पाइन हे ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञ रुग्णांना पाहून गेले. अडखळती चाल, जड जीभ आणि अरुंद झालेली नजर हे त्रिकूट त्यांना ओळखीचं वाटलं. इंग्लंडमध्ये बियाण्यांना लावायचं पाऱ्याचं औषध बनवणाऱ्या कामगारांमध्ये हीच लक्षणं आढळली होती आणि हंटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० मध्ये ती नोंदवली होती. त्या धाग्यावरून जुलै १९५९ मध्ये विद्यापीठानं पाऱ्याचं नाव जाहीर घेतलं. उत्तरादाखल उद्योगाच्या बाजूनं वेगळ्याच उपपत्त्या आल्या. युद्धानंतर समुद्रात टाकलेल्या दारूगोळ्याचा हा परिणाम, अशी एक होती. शिळ्या मासळीतलं विष, अशी दुसरी.

त्याच महिन्यात चिस्सोच्या रुग्णालयात होसोकावा स्वतः मांजरांवर प्रयोग करत होते. मासळीऐवजी त्यांनी ॲसिटाल्डिहाइड विभागाचं सांडपाणीच रोज थोडंथोडं मांजराच्या खाण्यावर ओतायला सुरुवात केली. त्या मांजराचा क्रमांक होता ४००. सुरुवात २१ जुलैला झाली. ७८ दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, ते मांजर थरथरू लागलं, झटके देऊ लागलं, भिंतीवर आपटू लागलं. पुढे त्याला मारून तपासणी केली, तेव्हा मेंदूत तेच नुकसान सापडलं.

होसोकावांनी ते वरिष्ठांना सांगितलं. कंपनीनं निष्कर्ष दाबून ठेवला आणि हा प्रयोग थांबवायला लावला.

डिसेंबर १९५९ मध्ये दोन गोष्टी झाल्या. कंपनीनं सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र मोठ्या समारंभानं सुरू केलं आणि कंपनीच्या अध्यक्षांनी शुद्ध झालेलं म्हणून ग्लासभर पाणी सर्वांसमक्ष पिऊन दाखवलं. ज्या विभागात पारा होता, त्याचं पाणी तेव्हा त्या यंत्रातून जातच नव्हतं. दुसरी गोष्ट ३० डिसेंबरची. रुग्णांच्या कुटुंबांशी 'सहानुभूती'च्या रकमेचा करार झाला. उद्या कंपनीचं सांडपाणीच कारण ठरलं, तरी आणखी भरपाई मागायची नाही, असं कलम त्यात होतं. ४०० क्रमांकाचं मांजर आजारी पडून तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

होसोकावांबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही. आजाराची पहिली खबर त्यांनीच दिली, तीही कंपनीच्या पगारावर असताना. खरं कारणही त्यांनीच शोधलं आणि मग कित्येक वर्षं ते जाहीरपणे बोलले नाहीत. त्या वर्षांत पाणी खाडीत जातच राहिलं, १९६८ पर्यंत. १९६५ मध्ये दूर निइगाताला, आगानो नदीकाठी, दुसऱ्या कंपनीच्या ॲसिटाल्डिहाइड कारखान्याखाली तोच आजार पुन्हा उपटला. ते आधी बोलले असते तर तो टळला असता का? मला तसं वाटतं, पण नोकरी, निष्ठा आणि अख्खं गाव कंपनीवर जगत असण्याचा दाब मी भोगलेला नाही, हेही खरं.

लक्षणं न ओळखण्याची आणखी एक तऱ्हा होती, पाळण्यातली. मिनामाताच्या वाड्यांत काही मुलं मान न सावरणारी, उशिरापर्यंत न बसणारी, लाळ गाळणारी जन्माला येत होती. त्यांना जन्मजात मेंदूचा पक्षाघात, असं सांगितलं जाई. या मुलांनी कधी मासळी खाल्लीच नव्हती आणि वार विषाला अडवते, असं तेव्हाचं वैद्यकशास्त्र मानत होतं. हारादा मासाझुमी नावाच्या तरुण डॉक्टरांना एका घराच्या ओसरीवर दोन आजारी भाऊ दिसले. मोठ्याला मिनामाता रोग, धाकट्याला पक्षाघात, असं आईनं सांगितलं. दोघांची लक्षणं तर सारखीच होती. आई म्हणाली, डॉक्टरच तसं म्हणतात. पण पोटात असताना मासळी मी खाल्ली होती ना, मग माझ्यातलं विष त्याच्यात गेलं असणार. हारादांचा आधी विश्वास बसला नाही. नंतर आयुष्यभर ते सांगत राहिले की हे निदान त्या आईचं होतं. १९६२ मध्ये अशा १६ मुलांना मिनामाता रोगाचे रुग्ण म्हणून मान्यता मिळाली. जपानी घरांत बाळाची नाळ वाळवून डबीत जपायची रीत आहे. पुढे त्या डब्या उघडल्या गेल्या, नाळेतला पारा मोजला गेला आणि कोणत्या वर्षी किती विष पसरलं होतं याचा हिशेबच हाती आला.

जपानीत या सरकारी मान्यतेला 'निन्तेइ' म्हणतात. ओळखणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं, हे मला मिनामातामुळे नीट कळलं. हंटर यांच्या वर्णनाचा निदानासाठी फायदा झाला आणि नंतर तेच वर्णन कुंपणासारखं वापरलं गेलं. १९७७ च्या सरकारी निकषांत लक्षणांचा संच मागितला होता. नुसती हातापायांची संवेदना गेलेली असेल, तर बहुधा अर्ज फेटाळला जाई. मार्च २००१ पर्यंत शिरानुई किनाऱ्यावरच्या २,२६५ जणांनाच अधिकृत रुग्ण मानलं होतं. अर्ज करणारे त्याच्या कितीतरी पट होते. फक्त संवेदना गेलेली व्यक्तीही रुग्ण ठरू शकते, हे जपानच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं २०१३ मध्ये. गरम भांड्यानं बोट भाजलं तरी कळत नाही, हे लक्षण बाहेरून दिसत नाही. त्याचा व्हिडिओ काढता येत नाही.

१९६९ मध्ये काही कुटुंबांनी चिस्सोवर खटला भरला. होसोकावा तेव्हा निवृत्त होते आणि कर्करोगानं आजारी. जुलै १९७० मध्ये न्यायालयाची माणसं टोकियोत त्यांच्या रुग्णालयातल्या खाटेपाशी गेली. तिथे पडल्या पडल्या त्यांनी ४०० क्रमांकाच्या मांजराबद्दल साक्ष दिली : काय घातलं, काय दिसलं, कुणाला सांगितलं. ऑक्टोबरमध्ये ते गेले. खटल्याचा निकाल २० मार्च १९७३ रोजी कुटुंबांच्या बाजूनं लागला आणि १९५९ चा तो करार न्यायालयानं रद्दबातल ठरवला. ज्या दोन बहिणींपासून अधिकृत नोंद सुरू झाली, त्यांतली थोरली तोवर जाऊन चौदा वर्षं झाली होती.