विटांचा चौक व प्रवेशद्वार

विटांचा चौक म्हणजे तीन किंवा चार बाजूंनी बांधकामाने वेढलेली, वरून आकाशाला मोकळी असलेली आणि विटांची फरसबंदी केलेली जागा होय. महाराष्ट्रातील वाडा-स्थापत्यात चौक आणि त्याकडे नेणारे प्रवेशद्वार ही एकाच रचनेची दोन अंगे आहेत. सामुदायिक कलाकेंद्राच्या आराखड्यातही ही जोडी उपयोगी पडते. मात्र वाड्याचे द्वार परक्याला थोपवण्यासाठी असे, तर कलाकेंद्राचे द्वार त्याला आत घेण्यासाठी असते. त्यामुळे जुनी रचना जशीच्या तशी उचलता येत नाही.

परंपरा

वाड्याच्या मोठ्या दरवाजातच एका माणसापुरता लहान दिंडी दरवाजा ठेवलेला असे. आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या असत. दर्शनी चौकात कामकाज चाले, तर आतला चौक कुटुंबाचा असे. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ मध्ये बांधून झाला. त्याच्या तटाचा खालचा भाग दगडी व वरचा भाग विटांचा आहे आणि उत्तरेकडील दिल्ली दरवाजावर नगारखाना आहे. १८२८ मधील आगीत आतील इमारती नष्ट झाल्या; तट, दरवाजे व जोती उरली. बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा येथील लखुजी जाधव यांच्या राजवाड्याचे प्रवेशद्वार प्रसिद्ध आहे. हे जिजाबाईंचे जन्मस्थान असून १२ जानेवारीला तेथे मोठा जनसमुदाय जमतो.

काळ्या जमिनीवरील पाया

सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा हे गाव १७२४ च्या लढाईमुळे इतिहासात ओळखले जाते. या लढाईत निजाम-उल-मुल्कने मुबारिझ खानाचा पराभव केला. दख्खनच्या पठारावरील या भागात बेसॉल्ट खडकापासून बनलेली काळी माती आढळते. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा मातीवर थेट बसवलेली फरसबंदी काही ऋतूंतच उंचसखल होते आणि हलक्या भिंतींना तडे जातात. म्हणून चौकाखालची काळी माती पुरेशा खोलीपर्यंत काढून तेथे मुरूम थराथराने चोपून भरतात. कमानीचा पाया कठीण थरापर्यंत नेतात. सावलीचे झाडही भिंतीपासून दूर लावतात, कारण मोठ्या झाडाची मुळे मातीतील ओलावा शोषतात आणि जमीन एका बाजूने अधिक आकसते.

फरसबंदी

फरशीसाठी पक्की भाजलेली, टणकारणारी वीट निवडतात. भारतीय मानकानुसार प्रमाण विटेचे माप १९० × ९० × ९० मिलिमीटर आहे. चोवीस तास पाण्यात ठेवल्यावर सामान्य विटेने वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये, अशी अट आहे. कमी भाजलेली वीट पायाखाली झिजते आणि तिला लोणा लागतो. विटा कडेवर उभ्या बसवल्यास फरशी अधिक टिकते, पण विटा जास्त लागतात. माशाच्या काट्यासारखी तिरपी जुळणी केल्यास विटा एकमेकींना अडकून राहतात. वाळूच्या थरावर बसवलेल्या फरशीतील फुटलेली वीट एकटी बदलता येते. मात्र कडा दगडी पट्टीने बांधून घ्याव्या लागतात. साधारण ६० ला १ असा उतार जोत्यापासून दूर ठेवून पाणी नालीत सोडतात. सावलीतील ओल्या भागावर शेवाळ धरते, त्यामुळे ये-जा करण्याची वाट उन्हाच्या बाजूस ठेवणे हितावह असते.

प्रवेशद्वार

दिंडी दरवाजातून वाकून व उंच उंबरठा ओलांडून आत जावे लागे. सार्वजनिक इमारतीत हेच अडथळे वृद्धांना आणि चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तींना बाहेर ठेवतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक इमारती सुगम असणे आवश्यक आहे. त्यासाठी उंबरठा जमिनीशी सपाट ठेवतात आणि जोत्यावर चढण्यासाठी १२ ला १ पेक्षा तीव्र नसलेला उतारमार्ग करतात. देवडीची कल्पना मात्र टिकवता येते. पहाऱ्याच्या जागी बसण्याचे ओटे केल्यास आत काय चालले आहे हे रस्त्यावरून येणाऱ्याला थांबून पाहता येते.

कलेसाठी वापर

भजन, कीर्तन, भारूड व शाहिरी यांना प्रेक्षकांनी तीन बाजूंनी वेढलेली जागा मानवते. समोरासमोरच्या सपाट भिंतींमध्ये आवाज वारंवार परततो आणि शब्द अस्पष्ट होतात. विटांची जाळी, खांबांची ओसरी किंवा कोनाडे यांमुळे हा दोष कमी होतो. लॉरी बेकर यांनी केरळमध्ये विटांच्या जाळ्यांचा वापर प्रकाश आणि वारा खेळता ठेवण्यासाठी मोठ्या प्रमाणावर केला.

आधुनिक उदाहरणे

चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या भोपाळच्या भारत भवनात (१९८२) पायऱ्या उतरत चौकांमध्ये जावे लागते. त्यांच्याच पणजी येथील कला अकादमीचा तळमजला मांडवी नदीच्या दिशेने खुला आहे. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनी अहमदाबादच्या वास्तुकला विद्यालयात उघड्या वीटकामाखाली मोकळ्या जागा ठेवल्या. या तिन्ही ठिकाणी बाहेरची वाट इमारतीत सलग शिरते आणि प्रवेश हा एका दरवाजापुरता उरत नाही.