काळ्या मातींतील वाट
१९३६ च्या डिसेंबरांत खानदेशांतील फैजपूर येथें पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रसभेचें खेड्यांतलें पहिलें अधिवेशन भरलें. बांबूंचें टिळकनगर उभें राहिलें. नंदलाल बोस यांनीं तें सजविलें. हिवाळ्यांत येथील काळी माती टणक असते. तीच माती आषाढांत फुगते आणि आजाऱ्याची गाडी वाटेंतच रुतते. वर नुसता मुरूम टाकल्यास तो चिखलांत गडप होतो. म्हणून झुडपें तोडून काळा थर काढावा, दोहों बाजूंस चर खणावे, मुरूम व खडी थरांनीं दाबावी, मध्यभाग उंच ठेवावा. स्कॉटलंडच्या मॅकॲडमनेंही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हेंच ओळखलें : खालची जमीन कोरडी, तरच रस्ता टिकाऊ. अधिवेशनाचें नगर हंगामी होतें. शेतकऱ्याची वाट मात्र बारमाही हवी.