विद्यार्थ्यांच्या मुक्तलेखनाचे मूल्यमापन : गुण, शेरा आणि निकष

ठरावीक प्रश्नाचे उत्तर न लिहिता विद्यार्थी स्वतःचा अनुभव, निरीक्षण वा मत स्वतःच्या शब्दांत मांडतो, त्या लेखनास मुक्तलेखन म्हणतात. रोजनिशी, अनुभवकथन, भित्तिपत्रकासाठी वा शाळेच्या हस्तलिखितासाठी लिहिलेले टिपण हे त्याचे परिचित प्रकार होत. गणिताचे उत्तर बरोबर किंवा चूक असते. मुक्तलेखनाचे तसे नसते. म्हणूनच त्याचे मूल्यमापन हा भाषाशिक्षकापुढील कठीण प्रश्न ठरतो.

परीक्षकांतील तफावत

एकाच लेखनाला भिन्न परीक्षक भिन्न गुण देतात, हे जुनेच निरीक्षण आहे. अमेरिकेत पॉल डिडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३०० निबंध ५३ वाचकांकडून ९ श्रेणींत तपासून घेतले होते. त्यांपैकी ९४ टक्के निबंधांना किमान ७ निरनिराळ्या श्रेणी मिळाल्या! कोणी विचारांना महत्त्व दिले, कोणी मांडणीला, कोणी शब्दयोजनेला, तर कोणी केवळ व्याकरणाला. कशासाठी गुण द्यायचे हे आधी ठरले नसेल, तर गुण लेखनाचे राहत नाहीत, परीक्षकाच्या आवडीचे होतात.

निकषांची चौकट

यावर उपाय म्हणजे निकष आधी ठरवणे आणि लेखनापूर्वीच ते विद्यार्थ्यांना सांगणे. उदाहरणार्थ, २० गुणांची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल : आशय व निरीक्षण ६, मांडणी ४, शब्दयोजना ४, वाचकाची जाण ३ आणि शुद्धलेखन ३. शुद्धलेखनास स्थान आहेच. परंतु तेच सर्वस्व नाही, हे या विभागणीतून मुलांना आपोआप कळते.

घरची बोली आणि लाल शाई

गोव्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथे मराठीतून शिकणाऱ्या अनेक मुलांच्या घरी कोकणी बोलली जाते. समजा, पाचवीतील एका मुलीने लिहिले : 'आजी नुस्ते साफ करायला बसली की मांजर तिच्या तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघते.' शिक्षकाने 'नुस्ते' खोडून 'मासे' लिहिले आणि समासात 'ठीक' असा शेरा मारला, तर तिच्या वाक्यातील मर्म, म्हणजे मांजराच्या नजरेचे नेमके निरीक्षण, कोणी पाहिलेच नाही असे होईल. पुढच्या वेळी ती 'मांजर हा पाळीव प्राणी आहे' असे निर्दोष आणि निर्जीव वाक्य लिहील.

'पाऊस' ऐवजी 'पावस' लिहिणे ही लेखनातील दुरुस्ती आहे. ती जरूर दाखवावी. 'नुस्ते' किंवा 'माणकुराद' हे मात्र त्या मुलाच्या जगाचे शब्द आहेत. चूक आणि बोली यांत फरक करणे हे शिक्षकाच्या भाषिक जाणतेपणाचे लक्षण होय.

गुण की शेरा?

रूथ बटलर यांच्या १९८८ मधील अभ्यासात काही मुलांना केवळ गुण, काहींना केवळ शेरे आणि काहींना दोन्ही देण्यात आले. केवळ शेरे मिळालेल्या मुलांची कामगिरी व गोडी वाढली. दोन्ही मिळालेल्यांना तसा लाभ झाला नाही. गुण दिसताच मुलांचे लक्ष शेऱ्यावरून उडते. म्हणून पहिल्या खर्ड्यावर केवळ शेरा आणि सुधारित खर्ड्यावर गुण, हा क्रम हितावह आहे. शेरा नेमका असावा. 'छान' याने काहीच कळत नाही. 'मांजराची नजर तू नेमकी टिपलीस. आता आजी त्याला काय म्हणते, तेही लिही' याने पुढची वाट दिसते.

वेळेचे गणित

उच्च प्राथमिक वर्गासाठी शिक्षणहक्क कायद्याने ३५ मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घालून दिले आहे. प्रत्येक वहीस ५ मिनिटे धरली तरी १७५ मिनिटे, म्हणजे जवळजवळ तीन तास लागतात. दर आठवड्याला सर्व वह्या बारकाईने तपासणे म्हणूनच शक्य होत नाही. मुलांनी अनेकदा लिहावे आणि त्यांतील एक लेखन स्वतः निवडून तपासणीस द्यावे, ही पद्धत व्यवहार्य आहे. निवड करताना मूल आपल्याच लेखनाचे परीक्षण करू लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही प्रगतिपत्रकात विद्यार्थ्याचे स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायींचे मूल्यमापन यांना स्थान दिलेले आहे. मात्र सहाध्यायीने आधी आवडलेली एक गोष्ट आणि नंतर न कळलेली एक गोष्ट सांगावी. गुण देऊ नयेत.

शिक्षणहक्क कायदा, २००९ सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापनाची अपेक्षा धरतो. मुक्तलेखनाच्या बाबतीत तिची कसोटी साधी आहे : तपासलेली वही हाती पडल्यावर मुलाला पुन्हा लिहावेसे वाटते काय?