अंगठ्याची पोच आणि मोबाइलचा पडदा

मोबाइल घ्यायला गेले की दुकानदार पडद्याचा आकार सांगतो : साडेसहा इंच. हा आकडा पडद्याची लांबी नसतो आणि रुंदीही नसतो. तो त्या आयताचा कर्ण असतो. पायथागोरसचे प्रमेय शिकवताना हाताशी ठेवावे असे हे उदाहरण आहे. पण फोन आपल्या मुठीत बसेल का, याचे उत्तर या आकड्यात नाही. ते फोनच्या रुंदीवर ठरते. स्मार्टफोनचा आकार कसा बदलत गेला हे समजून घेताना कर्ण आणि रुंदी यांतला हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

सुरुवातीला पडद्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता वजनाचा. १९८३ सालच्या मोटोरोलाच्या डायनाटॅक मोबाइलचे वजन सुमारे ८०० ग्रॅम होते. १९९४ मध्ये आयबीएमचा सायमन आला. त्याला स्पर्शाने चालणारा पडदा होता, पण वजन अर्धा किलो. १९९६ साली पाम पायलट हे खिशातले टिपणयंत्र आले. ते बनवण्याआधी जेफ हॉकिन्स यांनी त्याच आकाराचा लाकडी ठोकळा कापून घेतला आणि तो खिशात बाळगून पाहिला. यंत्र आधी माणसाला सोयीचे हवे, मग त्यात काय भरायचे ते ठरवावे, असा हा विचार होता. मात्र पामच्या पडद्यावर छोट्या काडीने लिहावे लागे. म्हणजे एका हातात यंत्र आणि दुसऱ्या हातात काडी. दोन्ही हात गुंतले!

२००७ साली अॅपलचा आयफोन आला आणि ही काडी गेली. त्याचा पडदा बोटाने चालत असे. बोटाने चालणारी गोष्ट अंगठ्यानेही चालते. त्यामुळे फोन ज्या हातात धरला, त्याच हाताच्या अंगठ्याने सगळी कामे होऊ लागली. पडद्याचा कर्ण ३.५ इंच होता आणि फोनची रुंदी ६१ मिलीमीटर. अंगठा जवळजवळ सगळीकडे पोचत असे.

मग पडदे मोठे का झाले? कारण डोळ्याची गरज वेगळी आहे. नकाशा, चलचित्र, मजकूर या सगळ्यांना जागा लागते. शिवाय मोठ्या फोनमध्ये मोठी बॅटरी मावते. आपल्याकडे तर कित्येकांच्या घरात आलेला पहिला संगणक म्हणजे मोबाइलच होता. २०१० साली स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीरपणे सांगितले होते की, हातात न मावणारे मोठे फोन कोणी घेणार नाही. पण पुढच्याच वर्षी सॅमसंगचा ५.३ इंची गॅलक्सी नोट आला. त्याची रुंदी ८३ मिलीमीटर होती. अनेकांनी त्याची थट्टा केली, पण लोकांनी तो घेतला. कर्ण ३.५ वरून ५.३ इंच झाला, म्हणजे दीडपट. पण पडद्याचे क्षेत्रफळ दुपटीहून जास्त झाले. डोळ्याला भावले ते हे क्षेत्रफळ.

हाताची अडचण मात्र खरी होती. अंगठा त्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याभोवती फिरतो, त्यामुळे पडद्यावर त्याची पोच एका कमानीपुरती असते. त्यापलीकडच्या कोपऱ्याला स्पर्श करायचा तर पकड सैल करून फोन तळहातावर सरकवावा लागतो. अशा वेळी फोनचा गुरुत्वमध्य पकडीपासून दूर जातो आणि फोन कलंडतो. स्टीव्हन हूबर यांनी २०१३ साली सार्वजनिक जागी फोन वापरणाऱ्यांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. पडद्याला स्पर्श करत असलेल्यांपैकी ४९ टक्के लोक एकाच हाताने काम करत होते. दुसऱ्या हातात पिशवी असते, बसचा दांडा असतो किंवा मूल असते.

यावर पहिला उपाय भूमितीचा होता. २०१२ च्या आयफोन ५ मध्ये पडदा ३.५ वरून ४ इंचांवर नेला, पण फोनची रुंदी आधीच्या फोनइतकीच ठेवून फक्त लांबी वाढवली. २०१७ साली आलेला सॅमसंगचा गॅलक्सी एस ८ याच वाटेने पुढे गेला. त्याचा पडदा ५.८ इंची, तरी फोनची रुंदी केवळ ६८ मिलीमीटर! गॅलक्सी नोटपेक्षा पडदा मोठा आणि फोन १५ मिलीमीटर अरुंद. पडद्याभोवतीची चौकट कमी केली होती आणि पडदा उभट केला होता.

मुठीचा प्रश्न सुटला, पण वरचा कोपरा आणखी लांब गेला. तेव्हा दुसरा उपाय आला : अंगठा वर जात नसेल, तर बटणेच खाली आणावीत. २०१४ च्या आयफोन ६ मध्ये बटणाला दोनदा हलका स्पर्श केला की वरचा मजकूर खाली सरके. सॅमसंगने २०१८ साली पाहायच्या गोष्टी वर आणि दाबायच्या गोष्टी खाली अशी मांडणी आणली. २०२१ मध्ये अॅपलने आयफोनवरील सफारीची पत्त्याची पट्टीही तळाशी आणली.

तरीही लहान पंजा असलेल्यांचे काय? २०२० साली आलेल्या आयफोन १२ मिनीची रुंदी ६४ मिलीमीटर होती. २०२१ मध्ये १३ मिनी आला. २०२२ च्या नव्या फोनांत मिनी नव्हता, त्याऐवजी ६.७ इंची फोन होता. स्त्रियांचा पंजा सरासरीने पुरुषांपेक्षा लहान असतो. लहान फोन बाजारातून जातो, तेव्हा गैरसोय सर्वांची सारखी होत नाही.

हा विषय वर्गात सहज घेता येईल. पुठ्ठ्याचे दोन आयत कापा : एक १३.१ × ७.३५ सेंमी आणि दुसरा १३.७ × ६.१५ सेंमी. दोघांचा कर्ण सुमारे १५ सेंमी आहे, पण पहिल्याचे क्षेत्रफळ सुमारे ९६ चौरस सेंमी आणि दुसऱ्याचे ८४ भरते. आता मुलांना ते एका हातात धरायला सांगा, आणि अंगठा जिथवर पोचतो तिथवर पेन्सिलने कमान काढू द्या. सगळ्यांच्या कमानींची त्रिज्या मोजून सरासरी काढा. मग विचारा : या सरासरीइतकाच फोन बनवला, तर वर्गातल्या किती जणांना तो नीट वापरता येईल? हात वर करायला सांगा आणि मोजा.