हरवलेल्या मुलाचा ठावठिकाणा : बेव्हर्ली पार्कच्या निमित्ताने एक ऐतिहासिक विचार

मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस बेव्हर्ली पार्क नावाची वस्ती आहे. तेथील चार-पाच वर्षांचे एखादे मूल गर्दीत आईबापांपासून चुकले आणि ‘तू कोठे राहतोस?’ असे त्यास कोणी विचारले, तर ते हे नाव धडपणे सांगू शकेलच असे नाही. ते आपल्या इमारतीच्या फाटकाचा रंग सांगेल, खालच्या दुकानदाराचे घरात रूढ असलेले नाव सांगेल, किंवा वस्तीचे नाव आपल्या जिभेस झेपेल तसे उच्चारील. शोध घेणाऱ्या अधिकाऱ्यास मात्र इमारत, रस्ता, पोलीस ठाणे व जिल्हा या क्रमाने पत्ता हवा असतो. मुलाचे ज्ञान आणि कार्यालयाची नोंद यांमधील हे अंतर कसे तोडावयाचे, हा हरवलेल्या मुलास घरी पोचविण्याच्या कार्यातील मूळ प्रश्न होय. मुंबई व तिच्या उत्तरेकडील परिसर यांच्या संदर्भात गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाची उकल कशी होत गेली, याचा संक्षेपाने विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

लहान गावात हा प्रश्न फारसा बिकट नव्हता. मूल कोणाचे, हे चार माणसांपैकी एकास तरी ठाऊक असे. आणि नसलेच, तर दवंडी पिटून ते गावास कळविता येई. दवंडीचा आवाज जेथवर पोचे, साधारणतः तेथवरच मुलाचे जगही पसरलेले असे. मीरा-भाईंदरचा परिसर एके काळी असाच मिठागरे, शेती व मासेमारी यांवर जगणाऱ्या खेड्यांचा होता. १२ जून १९८५ रोजी येथे नगरपरिषद आली व २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या १,७५,६०५ होती. २०११ मध्ये ती ८,०९,३७८ झाली. वीस वर्षांत साडेचार पटींहून अधिक वाढलेल्या अशा नगरात शेजाऱ्याचे मूल ओळखणे हे गृहीत धरता येत नाही. शिवाय आगगाडीच्या डब्यात चढलेले मूल अर्ध्या तासात दवंडीच्या टापूबाहेर जाते. ओळखीचे काम येथे नोंदवहीस करावे लागते. आणि नोंदवहीचा इतिहास हा मुख्यतः कायद्याचा इतिहास आहे.

हा इतिहास पाहताना एक गोष्ट प्रथमच लक्षात येते. हरवलेले मूल ही स्वतंत्र कोटी कायद्याने पुष्कळ काळ मानलीच नाही. मद्रास (१९२०) व बंगाल (१९२२) यांच्यापाठोपाठ मुंबई प्रांतात १९२४ साली मुलांसंबंधीचा कायदा झाला. १९२७ मध्ये मुंबईत ‘चिल्ड्रन्स एड सोसायटी’ स्थापन झाली आणि या कायद्याच्या अंमलबजावणीचा पुष्कळसा भार तिने उचलला. डोंगरी विभागातील उमरखाडी येथे, जुन्या तुरुंगाच्या वास्तूत, मुलांचे रिमांड होम चालू झाले. मुलांस प्रौढ कैद्यांपासून वेगळे काढणे ही त्या काळाच्या मानाने मोठीच सुधारणा होती, यात शंका नाही. परंतु भीक मागणारे, भटकताना आढळलेले, निराधार आणि अपराधाचा आरोप असलेले अशा सर्व मुलांची वाट त्याच दाराने जात असे. ज्याचे आईबाप त्याच क्षणी दुसऱ्या ठाण्यावर रडत बसलेले असतील, असे मूलही कागदावर ‘निराश्रित’च ठरे. सांभाळ करण्याची व्यवस्था होती. परंतु घर शोधणे हे त्या व्यवस्थेचे पहिले कर्तव्य आहे, असे शब्दांत मांडले गेलेले नव्हते. १९४८ च्या नव्या मुंबई कायद्यानंतर व १९८६ च्या अखिल भारतीय बाल न्याय अधिनियमानंतरही हा भेद पुरता स्पष्ट झाला नाही.

दरम्यान, शहराने दवंडीची नवी रूपे शोधली. वृत्तपत्रांतील छायाचित्रे, यात्रेतील व विसर्जनाच्या गर्दीतील ध्वनिक्षेपक ही त्यांपैकीच. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, आणि पुढे त्यावरील ‘आपण यांना पाहिलंत का?’ या निवेदनाने हरवलेल्यांचे चेहरे घरोघरी पोचविले. १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आश्रयाने मुंबईत मुलांसाठी १०९८ ही दूरध्वनी-सेवा सुरू झाली. ती पुढे देशभर पसरली व २०२३ पासून शासकीय यंत्रणेकडे सोपविण्यात आली. या साधनांतील फरक ध्यानी घेण्याजोगा आहे. दूरदर्शनवरील निवेदन आईबापांच्या वतीने बोलत असे. १०९८ ही सेवा मुलाच्या किंवा ते ज्यास सापडले त्याच्या वतीने बोलते.

या दोन बाजू एकमेकींस भेटल्या नाहीत तर काय होते, याचे एक सुप्रसिद्ध उदाहरण जळगाव जिल्ह्याच्या सीमेलगतच्या प्रदेशातील आहे. खांडवा येथील सरू नावाचा सुमारे पाच वर्षांचा मुलगा १९८६ मध्ये थोरल्या भावासह बऱ्हाणपूर स्थानकावर आला, तेथे एका रिकाम्या गाडीत झोपी गेला आणि शेवटी कलकत्त्यास पोचला. त्यास आपल्या वस्तीचे नाव ठाऊक होते, परंतु ते ‘गिनेस्टले’ अशा रूपात. मूळ नाव ‘गणेश तलाई’. बऱ्हाणपूरचे त्याच्या स्मरणात ‘बेरमपूर’ झाले होते. त्याने सांगितलेली ठिकाणे कोणत्याही यादीत सापडेनात. आईबापांचा शोध लागत नाही असे ठरून तो १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका कुटुंबात दत्तक गेला. २०१२ मध्ये उपग्रहचित्रांवर स्थानकाजवळची पाण्याची टाकी ओळखून तो आपल्या आईपर्यंत पोचला. मुलगा खोटे बोलत नव्हता आणि त्याची स्मृतीही लोपलेली नव्हती. त्याचा उच्चार आणि यादीतील अक्षरे यांची गाठ घालून देणारा कोणी भेटला नाही, इतकेच. त्या एका उणिवेची किंमत पंचवीस वर्षांची ताटातूट ही होती.

या प्रकारचे अपयश केवळ भाषेमुळे येते असे नाही, हद्दींमुळेही येते. मीरा रोडहून गाडीत बसलेले मूल पुढच्याच स्थानकावर, दहिसरला, उतरले तरी ते मुंबई पोलिसांच्या हद्दीत जाते. स्थानकाच्या आवारात सापडले तर त्याची नोंद लोहमार्ग पोलिसांकडे होते. घरच्यांची तक्रार मात्र राहत्या ठिकाणच्या ठाण्यात असते. २०२० पर्यंत हे ठाणे ठाणे ग्रामीण पोलिसांच्या अखत्यारीत होते. १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय कार्य करू लागले. हे आयुक्तालय ठाणे व पालघर या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे, तर बालकल्याण समित्या जिल्हावार आहेत. तात्पर्य, ‘हरवले’ आणि ‘सापडले’ या एकाच घटनेच्या दोन अर्धांची नोंद दोन वह्यांत होते आणि त्या वह्या एकत्र वाचणारा कोणी असावा लागतो. देशातील अशा नोंदी जुळविणारी ‘ट्रॅक चाइल्ड’ ही संगणकीय व्यवस्था याच गरजेतून उत्पन्न झाली.

कायद्याची दृष्टीही बदलली. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हरवलेल्या मुलाची प्रत्येक तक्रार प्रथम खबर म्हणून नोंदविण्याचा आदेश दिला. ‘दोन दिवस वाट पाहा, येईल परत’ या समजुतीस त्यामुळे आधार उरला नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार सापडलेल्या मुलास, प्रवासाचा काळ वगळून, चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे उपस्थित करावे लागते. अशा मुलाची माहिती न कळविणे हा अपराध मानला आहे. मुलास कुटुंबात परत पोचविणे हे बालगृहाचे प्रमुख उद्दिष्ट होय, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. १९२४ च्या कायद्यात जे गृहीतही नव्हते ते असे अखेरीस शब्दबद्ध झाले.

तथापि याच अधिनियमात कालाची दुसरी बाजूही आहे. आईबापांचा शोध लागला नाही, तर दोन वर्षांपर्यंतच्या मुलास दोन महिन्यांच्या आत व त्याहून मोठ्यास चार महिन्यांच्या आत दत्तकासाठी मोकळे ठरविता येते. निराधार मुलास नवे घर लवकर मिळावे हा यामागील हेतू न्याय्यच आहे. परंतु जे मूल वस्तुतः टाकलेले नसून केवळ हरवलेले आहे, त्याच्या बाबतीत नाव चुकीचे लिहिले गेले, तर ही मुदत त्याच्या घराच्या विरुद्ध धावू लागते. नागपूर येथे मुलांची आधार-नोंद करू जाता त्यांचे ठसे पूर्वीच नोंदलेले आढळले आणि त्यावरून कुटुंबाचा शोध लागला, अशी उदाहरणे अलीकडे घडली आहेत. हा मार्ग उपयुक्त खरा. परंतु पाच वर्षांखालील मुलांचे ठसे घेतले जात नाहीत, आणि आपला पत्ता सांगता न येणारी मुले बहुधा त्याच वयाची असतात.

यास्तव शंभर वर्षांच्या या वाटचालीनंतरही पहिला ऐकणारा माणूस अनावश्यक झालेला नाही. मूल जेथे सापडले ती जागा व वेळ टिपून ठेवणे, त्यास स्वतःच्या घरी न नेता १०९८ वा जवळचे पोलीस ठाणे यांना तत्काळ कळविणे, आणि मुख्य म्हणजे ते जे शब्द उच्चारील ते सुधारून न घेता जसेच्या तसे लिहून ठेवणे, एवढे त्याचे काम आहे. मुलाचा चुकीचा वाटणारा उच्चार हाच पुष्कळदा एकमेव अस्सल पुरावा असतो; तो ‘शुद्ध’ करणाऱ्या लेखणीने पुरावाच नष्ट होतो. बेव्हर्ली पार्कमधील मुलाने वस्तीचे नाव मोडून सांगितले, तर ते तसेच मोडलेले नोंदवहीत उतरले पाहिजे. त्याचे मूळ रूप कोणते, हे त्या परिसरात राहणारा कोणीतरी ओळखील. आणि तशी ओळख पटेपर्यंत ते मूल निराश्रित नसून कोणाचे तरी आहे असे मानून चालणे, हेच या इतिहासाचे सार आहे.