शीलाची परीक्षा कोण घेणार?

रुग्णसेवेसाठी माणसे निवडताना परीक्षेतील गुण पाहावेत की माणसाची मूल्ये पाहावीत, हा प्रश्न २०१३ साली इंग्लंडमध्ये ऐरणीवर आला. स्टॅफर्ड येथील सरकारी रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांची जी हेळसांड झाली, तिच्या चौकशीचा रॉबर्ट फ्रान्सिस यांचा अहवाल त्या वर्षी फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. म्हातारी माणसे स्वतःच्या घाणीत तासन्‌तास पडून राहात. पाण्याचा पेला त्यांच्या हाताशी ठेवायलाही कोणी नसे. अहवालात २९० शिफारशी होत्या. त्यानंतर तेथे नर्सिंगचे विद्यार्थी व रुग्णालयातील नोकरवर्ग यांची 'मूल्याधारित निवड' सुरू झाली. करुणा, आदर, माणसाच्या प्रतिष्ठेची जाण ही मूल्ये उमेदवारात आहेत काय, हे मुलाखतीत तपासायचे. खर्च वाचविण्यासाठी नोकरवर्ग कमी केला होता, हेही त्याच अहवालाने नोंदविले होते. वॉर्डात माणसेच अपुरी ठेवायची आणि उरलेल्या नर्सच्या अंतःकरणात करुणा शोधायची, हा प्रकार मला पटत नाही. पण तो वाद बाजूला ठेवू.

माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, हा विचार नवा नाही. आधुनिक परिचर्येचा जन्मच शीलाच्या परीक्षेतून झाला. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल निधीतून परिचारिकांची शाळा उघडली. तेथील मेट्रन वॉर्डरोपरबाई दरमहा प्रत्येक विद्यार्थिनीचा तक्ता भरीत. एका भागात कामाचे कौशल्य, दुसऱ्या भागात शील: वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा. दारू न पिणे, प्रामाणिक व सत्यवचनी असणे ही तर अटच होती. त्यापूर्वी रुग्णालयात राबणाऱ्या बायका गरीब वर्गातल्या. डिकन्सने १८४३-४४ मध्ये सेरी गँप ही दारूबाज सुईण रंगविली आणि त्या पात्राचा इतका गवगवा झाला की पोटासाठी रात्र जागणारी प्रत्येक गरीब बाई संशयित ठरली. या शाळेने स्त्रियांना शिक्षण दिले, मानाचा पेशा दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु लवकरच तेथे दोन थर पडले. पैसे भरून शिकणाऱ्या घरंदाज 'लेडी' पुढे रुग्णालयांच्या अधीक्षक व्हावयाच्या. बाकीच्यांनी वॉर्डात खपावयाचे. शीलाच्या तक्त्यात 'कुलीनपणा' असा रकाना नव्हता. तो छापण्याची गरजच नव्हती.

जमेकाची मेरी सीकोल हिने कॉलऱ्याचे रोगी हाताळले होते. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात शुश्रूषेसाठी जावे म्हणून तिने लंडनमध्ये एकामागून एक दारे ठोठावली, नकार मिळाला. आपल्या कातडीचा रंग तर आड आला नाही ना, असा प्रश्न तिने १८५७ च्या आत्मचरित्रात विचारला आहे. शेवटी ती पदरच्या पैशाने गेली.

अमेरिकेतील मेरी महोनीची हकीकत मी वर्गात आवर्जून सांगतो. आईबाप गुलामगिरीतून सुटलेले. बोस्टनच्या स्त्रिया-मुलांच्या रुग्णालयात तिने सुमारे पंधरा वर्षे स्वयंपाक केला, कपडे धुतले, झाडलोट केली. १८७८ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, तिला तेथील परिचारिका-वर्गात प्रवेश मिळाला. ४२ जणींपैकी जेमतेम चार उत्तीर्ण झाल्या, त्यांत ती एक. हे रुग्णालय त्या काळी उदारमतवादी गणले जाई. तरी नियम असा की, प्रत्येक तुकडीत कृष्णवर्णीय एक व ज्यू एक. याचा अर्थ, दुसरी कृष्णवर्णीय मुलगी कितीही कनवाळू असली तरी तिच्या करुणेला जागा नव्हती! पुढे १९४१ मध्ये अमेरिकन सैन्याने कृष्णवर्णीय परिचारिकांची संख्या ५६ वर बांधून ठेवली; युद्धात माणसे हवी असतानाही हे बंधन सुटायला १९४५ चा जानेवारी उजाडला.

तर मग मूल्यांची भाषाच टाकून द्यावी काय? असे काही तरुण मित्र म्हणतात. मला ते मान्य नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. १९२९ सालची. त्याची बायको बाळंतीण झाली आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येईना. अखेर नगरशेठांचा शब्द आणि दोन रुपये फी यांवर तो आला, पण बाळंतिणीला वस्तीबाहेर आणण्याची अट घालून. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला. आणि त्याच वाटेने तो परत गेला. निदान न्युमोनियाचे झाले. बाई दगावली. त्या डॉक्टरकडे वैद्यकाचे ज्ञान होते. निदानही त्याने केले. नव्हते ते शील. विद्येबरोबर शीलाचा आग्रह बाबासाहेबांनी का धरला, ते या एका थर्मामीटरच्या प्रवासावरून कळते. म्हणून मूल्यांची परीक्षा ही आपलीच मागणी आहे. खाटेवर निमूट पडून विटाळ सोसणारा माणूस आपला आहे.

प्रश्न परीक्षकाचा आहे. आपल्याकडे नर्सिंगचा प्रवेश मुख्यतः गुणपत्रिकेवर आणि प्रवेश परीक्षेवर चालतो, आरक्षण आहे, आणि कागदावरचे गुण निदान आडनाव विचारीत नाहीत. माझ्या एका विद्यार्थिनीला एका खाजगी रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेत मुलाखतीत विचारले गेले: मूळ गाव कोणते, आणि घरी काय काय शिजते? हीही मूल्यांचीच चौकशी होती, असे तेथील मंडळी सांगतील. उद्या 'मूल्याधारित निवड' या गोंडस नावाने अशा मुलाखतींना मोकळे रान मिळाले, तर शुद्ध उच्चार, मवाळ आवाज आणि पांढरपेशा वळण यांनाच करुणा म्हटले जाईल.

विचारायचेच असेल तर ठरावीक प्रश्न विचारा, सर्वांना तेच विचारा, उत्तरे लेखी नोंदवा: दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या धर्माच्या रोग्याचे बेडपॅन तू उचलशील काय? आणि निवड-मंडळावर केवळ डॉक्टर व मेट्रन नकोत. आपल्या रुग्णालयांत तीस तीस वर्षे घाण उपसणारी जी बाई असते तिला सगळे 'मावशी' म्हणतात. बहुधा ती आपल्याच वस्तीतली असते. महोनी पंधरा वर्षांनी परिचारिका झाली, ही मावशी मात्र मावशी म्हणूनच निवृत्त होते. तिलाही मंडळावर एक खुर्ची द्या. कोणती सिस्टर कोणाच्या खाटेजवळ थांबत नाही, हे तिला मुलाखतीवाचून ठाऊक असते.